बसल्या जागी ऑक्सिजन ९६, आंघोळ करून येईपर्यंत ८३ : नेमके काय करायचे?

जाईची_वेल

बाबांना (वय ६७) फुफ्फुसांचा फायब्रोसिस आहे, म्हणजे फुफ्फुसात व्रण पडून ती ताठ झाली आहेत. नुसते बसलेले असताना बोटावरचा ऑक्सिमीटर ९५-९६ दाखवतो, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटते की ठीक चालले आहे. पण आंघोळ आटोपून खोलीत आले की ८३-८४, आणि घरातल्या घरात दोन-तीन मिनिटे चालले की ८६. बसले की तीन-चार मिनिटांत पुन्हा ९४ वर येतात.

डॉक्टरांनी 'हालचाल करताना २ लिटर ऑक्सिजन' लिहून दिला आहे. घरी ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र) आहे, त्यावर २ लिटर लावून चालले तर ८९-९० राहते. बाहेर जाण्यासाठी बॅटरीवरचे खांद्याला अडकवायचे यंत्र आणले. तेही '२' वरच ठेवले, तर चालताना परत ८४! आकडा तोच आहे, मग फरक कशाने पडतो?

आणखी तीन शंका. किती खाली गेलेले चालेल? आकडा पडला की आम्हीच फ्लो (मिनिटाला किती लिटर) वाढवला तर चालेल का? आणि ऑक्सिजनची सवय लागते म्हणून बाबा आंघोळीला जाताना तो काढून ठेवतात, त्यांना काय सांगू?

---

मोजमाप

यंत्राबद्दल इथले जाणकार सांगतीलच. मी फुफ्फुसांच्या चाचण्यांच्या बाजूने लिहितो.

आधी तो ८३ खरा आहे का, हे पाहा. आंघोळीनंतर बोटे ओली, गार आणि सुरकुतलेली असतात आणि हात हलत असतो. अशा वेळी ऑक्सिमीटर काहीही दाखवू शकतो. बोट कोरडे करा, तळहात चोळून गरम करा, हात छातीशी टेकवून स्थिर धरा. मधले किंवा अंगठ्याजवळचे बोट घ्या. नेलपॉलिश नको. मग ऑक्सिजनच्या आकड्याआधी नाडीचा आकडा बघा आणि मनगटावर १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा. दोन्ही जुळत नसतील तर त्या वेळचा ऑक्सिजनचा आकडा सोडून द्या. पडद्यावर लाट दिसत असेल तर ती सारखी, उंच हवी. थरथरती बुटकी लाट असेल तर वाचन फेकून द्यायचे. शिवाय घरगुती यंत्रात दोन-चार टक्के इकडेतिकडे असतेच. गडद त्वचेवर ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, म्हणून ९० दिसले तरी आत ८७ असू शकते हे गृहीत धरा. सिगारेट ओढणाऱ्यांत कार्बन मोनॉक्साइडमुळेही आकडा फसवा चांगला येतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बोट उशिरा बोलते. फुफ्फुसात जे आत्ता घडते ते बोटात दिसायला २०-३० सेकंद लागतात, हात गार असेल तर आणखी जास्त. म्हणून चालताना '९०, ठीक आहे' म्हणत माणूस पुढे जातो आणि खरा तळ थांबल्यावर दिसतो. थांबल्यानंतरचे पहिले एक मिनिट यंत्र बोटावरून काढायचे नाही. बाबांचा ८३ हा खोलीत आल्यावरचा आहे, म्हणजे तो बहुधा आंघोळीच्या शेवटच्या टप्प्याचा, टॉवेलने अंग पुसण्याचा आणि कपडे चढवण्याचा आकडा आहे.

बसल्यावर ९६ आणि चालल्यावर ८४ का, याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. विश्रांतीत रक्त फुफ्फुसातल्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद असते. निरोगी फुफ्फुसात पहिल्या पाव सेकंदातच त्यात ऑक्सिजन पुरता भरतो, उरलेला अर्धा सेकंद शिल्लक. फायब्रोसिसमध्ये हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जाड झालेला असल्याने भरायला वेळ लागतो, पण बसल्या बसल्या ती शिल्लक कामी येते. चालू लागले की हृदय जोरात पळते, रक्त पाव सेकंदाच्या आसपासच तिथे थांबते आणि अर्धवट भरूनच पुढे निघते. त्यात स्नायूंनी जास्त ऑक्सिजन ओढल्यामुळे परत येणारे रक्तही जास्त रिकामे असते. म्हणून बसलेल्या ९६ वरून चालताना काय होईल याचा अंदाज बांधताच येत नाही.

किती खाली चालेल? बहुतेक ठिकाणी ८८ ही रेघ धरतात. ९० च्या आसपास रक्तातला ऑक्सिजनचा दाब साधारण पाऱ्याचे ६० मिलीमीटर असतो आणि तिथून खाली उतार एकदम तीव्र होतो. ९६ चा ९२ व्हायला दाब बराच पडावा लागतो, ८८ चा ८२ व्हायला थोडासा पुरतो. घरच्या वापरासाठी नियम असा ठेवा: ९० ला वेग कमी, ८८ ला थांबायचे, ८५ खाली गेले तर बसायचेच.

दिवसभर बोटाला यंत्र लावून बसू नका. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेली तीन कामे (आंघोळ, जिना, सपाटीवर ६ मिनिटे चालणे) निवडा आणि प्रत्येकाचे चार आकडे वहीत लिहा: सुरुवातीचा, सर्वांत खालचा, ९० वर परत यायला लागलेली मिनिटे, आणि त्या वेळी फ्लो किती होता. डॉक्टरांना 'दम लागतो' हे ऐकण्यापेक्षा ही वही दहापट उपयोगी पडते.

---

पाना_पकड

ऑक्सिजनची यंत्रे दुरुस्त करतो, म्हणून '२ म्हणजे २' या गैरसमजाबद्दल सांगतो. हा इतका नेहमीचा आहे की विकतानाच समजावून द्यायला हवा, पण देत नाहीत.

घरचा मोठा कॉन्सन्ट्रेटर सतत फ्लो देतो: २ वर ठेवला की मिनिटाला २ लिटर, श्वास घ्या किंवा सोडा. खांद्यावरचे छोटे यंत्र श्वास आत ओढला की झोत सोडते, बाकी वेळ गप्प. त्यावरचा '२' हा लिटर नाहीच, तो फक्त पायरीचा क्रमांक आहे. अशा बऱ्याच छोट्या यंत्रांत एका पायरीमागे मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन तयार होतो. म्हणजे '२' वर साधारण ४०० मिलिलिटर.

आता गंमत बघा. ही यंत्रे मिनिटाचा कोटा ठरलेला ठेवतात आणि श्वासांमध्ये वाटून देतात. बसून मिनिटाला २० श्वास असतील तर दर श्वासाला २० मिलिलिटर. चालताना ३४-३५ श्वास झाले की दर श्वासाला जेमतेम १२. गरज वाढते तेव्हाच घोट लहान होतो. फायब्रोसिसचा माणूस चालताना वरवर, भराभर श्वास घेतो, त्यामुळे त्याला याचा फटका सर्वांत जास्त. काही यंत्रे दर श्वासाला तेवढाच झोत देतात, पण त्यांचीही एक कमाल मर्यादा असते. मॅन्युअलमध्ये 'दर श्वासाला किती मिलिलिटर' आणि 'मिनिटाला जास्तीत जास्त किती' हे दोन आकडे शोधा. न सापडल्यास विक्रेत्याला विचारा, आणि सांगता आले नाही तर ते यंत्र घेऊ नका.

आणखी दोन कारणे तपासा. तोंडाने श्वास घेतला जात असेल तर नाकातल्या नळीला ओढ जाणवत नाही आणि झोत सुटतच नाही. चालताना यंत्राचा 'फट्... फट्' आवाज श्वासाबरोबर येतोय का, कान देऊन ऐका. आणि झोत देणाऱ्या यंत्राला (ऑक्सिजन ओलसर करणारी) पाण्याची बाटली किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा लांब नळी कधीही जोडू नका, ओढ यंत्रापर्यंत पोहोचत नाही.

मग पर्याय काय? एक, याच यंत्रावर पायरी वाढवून, बाबांना चालवून, डॉक्टरांकडे किंवा चाचणी विभागात पुन्हा मोजून घेणे. दोन, सतत फ्लो देणारे फिरते यंत्र. ते वजनाला बरेच जड, चाकांवर ओढावे लागते, आणि बहुतेक ३ लिटरपर्यंतच जाते. तीन, छोटा सिलिंडर. त्याचा हिशेब सोपा: पाण्याची क्षमता (त्यात किती पाणी मावेल) लिटरमध्ये गुणिले दाब बारमध्ये. २ लिटरचा सिलिंडर १५० बारला भरला असेल तर ३०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटरने १५० मिनिटे, ३ लिटरने १०० मिनिटे. यातली चतुर्थांश राखीव सोडा. म्हणजे ३ लिटरने सव्वा तासाचे काम, त्याहून लांब जायचे नाही. चार, रिझर्व्हॉयर (साठवणीची छोटी पिशवी) असलेला कॅन्युला, म्हणजे नाकात लावायची नळी. त्याच्या पिशवीत श्वास सोडतानाचा सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन साठतो आणि पुढच्या श्वासाच्या सुरुवातीलाच मिळतो. तो फक्त सतत फ्लोवर चालतो, पाण्याच्या बाटलीशिवाय लावायचा.

आणि घरच्या यंत्राचीही एक तपासणी करा. कॅन्युलाची टोके ग्लासातल्या पाण्यात बुडवा, बुडबुडे यायला हवेत. मग बाटलीपुढची नळी चिमटीत घट्ट दाबा. बाटलीच्या झडपेतून शिट्टी वाजली तर बाटली ठीक. शिट्टी नाही आणि बाटलीत बुडबुडे चालूच, तर झाकणातून गळते आहे. झाकण तिरके बसणे हा सर्वांत सामान्य दोष. यंत्रावर २ लिटर दिसते आणि नाकापर्यंत एकही पोहोचत नाही. फ्लोमीटरचा गोळा डोळ्यांच्या रेषेत बघायचा आणि त्याच्या मध्याचा आकडा वाचायचा, वरच्या कडेचा नाही.

---

रात्रपाळी

सवयीचा मुद्दा आधी. ऑक्सिजनचे व्यसन लागत नाही. लागते ती गरज, आणि ती आजारामुळे वाढते, नळीमुळे नाही. आंघोळीला जाताना काढून ठेवणे म्हणजे दिवसातल्या सर्वांत अवघड कामाला शिदोरी घरी ठेवून जाण्यासारखे आहे.

फ्लो स्वतःच वाढवण्याबद्दल: फायब्रोसिसमध्ये धोका कमी असतो, पण सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन हवा अडकण्याचा जुनाट आजार) किंवा फार लठ्ठपणा असेल तर जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. त्यांना ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवतात. सकाळी डोके जड होणे, दिवसा गुंगी, हात थरथरणे, बोलणे विस्कळीत होणे ही साठण्याची लक्षणे. म्हणून डॉक्टरांकडून 'बसलेले असताना इतका, चालताना इतका, जिन्यावर आणि आंघोळीला इतका, याच्या वर नाही' असे चार ओळींत लिहूनच घ्या. 'हालचाल करताना २ लिटर' ही एक ओळ अपुरी आहे.

आगीचे विसरू नका. नळी लावलेली असताना शेगडी, मेणबत्ती, काडी यांपासून निदान दोन-तीन मीटर. नाकाला व्हॅसलीनसारखे पेट्रोलियमयुक्त मलम नको, पाण्यावर आधारित जेल चालते. कॅन्युला चालू ठेवून गादीवर टाकू नये, कापडात ऑक्सिजन मुरतो आणि ठिणगीला भडका उडतो.

---

हळूहळू_चाला

श्वसनाच्या फिजिओथेरपीचे काम करते. यंत्र सुधारले तरी कामाची पद्धत तीच राहिली तर आकडा पडणारच, म्हणून आंघोळीचेच उदाहरण खोलात घेते. ज्याची आंघोळ सुधारते त्याचा बाकीचा दिवसही सोपा होतो.

आंघोळ हे एक काम नाही, ती सात-आठ कामांची माळ आहे: चालत जाणे, कपडे उतरवणे, वाकून पाणी घेणे, हात डोक्यावर नेऊन केस धुणे, पाय धुणे, अंग पुसणे, कपडे चढवणे. यातली सर्वांत महाग दोन: हात खांद्याच्या वर नेणे आणि कमरेत वाकणे. हात वर गेले की श्वासाला मदत करणारे मानेचे आणि खांद्याचे स्नायू हातांच्या कामाला लागतात आणि सगळा भार छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या पडद्यावर येतो. वाकले की पोट वर दाबले जाते आणि त्या पडद्यालाच जागा उरत नाही. वर माणूस नकळत श्वास रोखतो. बाबांच्या मागे उभे राहून बघा: केस चोळताना आणि पायात पँट घालताना ते श्वास धरून ठेवत असतील.

करायचे असे. ऑक्सिजन खोलीतून निघायच्या दोन मिनिटे आधी, त्या कामासाठी लिहून दिलेल्या फ्लोवर. दम लागल्यावर वाढवायचा नाही, तोवर उशीर झालेला असतो. कॉन्सन्ट्रेटर बाहेर कोरड्या जागी, नळी दाराखालून आत. कॅन्युलावर पाणी पडले तर काही होत नाही. आत गुडघ्याच्या उंचीचा, न घसरणारा स्टूल. पाणी कोमट, दार किंवा खिडकी थोडी उघडी, वाफ कोंडली की घुसमट वाटते. सगळे साहित्य कमरेच्या आणि छातीच्या मधल्या उंचीवर ठेवा. आधी खालचे अंग, मग वरचे, शेवटी केस. केस धुताना मान खाली झुकवायची, कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकवायचे, एकेक हात वापरायचा. पाय वाकून न धुता एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा किंवा लांब दांड्याचा ब्रश वापरायचा. अंग पुसण्याऐवजी जाड टॉवेलचा गाऊन चढवून पाच मिनिटे बसून राहायचे, तो पाणी टिपून घेतो. कपडेही बसूनच, पँट गुडघ्यापर्यंत बसून चढवायची आणि एकदाच उभे राहून वर ओढायची.

आणि मध्ये थांबे. दोन कामांनंतर एक मिनिट, दम लागो न लागो. दम लागल्यावर थांबणारा माणूस जास्त वेळ बसतो आणि दमतोही जास्त. दहा मिनिटांची आंघोळ वीस मिनिटांची झाली तर चालेल.

श्वासाची पद्धत. सीओपीडीत ओठ आवळून फुंकर सोडणे फार उपयोगी: नाकाने दोन अंक आत, ओठांतून चार अंक बाहेर. दिव्यावर फुंकर घालताना ज्योत हलावी पण विझू नये, इतकी हलकी. तिथे हवा अडकून पडते, ती बाहेर काढणे हाच खरा आराम. फायब्रोसिसमध्ये हवा अडकत नाही, फुफ्फुस ताठ असते, म्हणून लांब सोडण्याचा आग्रह धरला की उलट गुदमरल्यासारखे होते. बाबांसाठी नियम एवढाच: श्वास रोखायचा नाही, आणि जोर लावण्याच्या क्षणी (उठणे, उचलणे, ओढणे) श्वास सोडायचा. उठताना तोंडाने 'हूंऽ' म्हणत उठले तरी आपोआप जमते. शौचाला जोर करतानाही हेच, आणि बद्धकोष्ठ असेल तर त्यावर औषध घेणे हाही ऑक्सिजनचाच उपचार समजा.

आकडा पडल्यावर झोपवू नका. खुर्चीत पुढे झुकून कोपर मांड्यांवर, खांदे सैल, ऑक्सिजन चालू. चेहऱ्यावर, नाका-गालांवर छोट्या पंख्याचा वारा. हा वारा ऑक्सिजन वाढवत नाही, पण धाप लागल्याची भावना खरोखर कमी करतो. बोलायला लावू नका, 'कसं वाटतंय' हा प्रश्नसुद्धा एक श्वास खर्च करतो.

---

जाईची_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत एवढे केले. @पाना_पकड, नळी चिमटीत दाबली, शिट्टी वाजलीच नाही. बाटलीचे झाकण तिरके बसले होते. नीट बसवल्यावर घरच्या यंत्रावर २ लिटरला चालताना ९२ राहिले. छोट्या यंत्रावर चालताना श्वास मोजले, मिनिटाला ३४. मॅन्युअलमध्ये '२' वर मिनिटाला ४२० मिलिलिटर लिहिले आहे. म्हणजे दर श्वासाला १२ च. आंघोळीला नळी लावून, स्टूलवर बसून खालचा आकडा ८९.

डॉक्टरांकडे वही घेऊन जाणार आहे. त्याआधी दोन प्रश्न. घरी १४ पायऱ्यांचा जिना आहे, तो कसा चढवायचा? आणि भावाने कुठेतरी वाचले की 'फक्त चालताना पडणाऱ्या ऑक्सिजनला नळी लावून फायदा होत नाही असे सिद्ध झाले आहे'. हे खरे का?

---

मोजमाप

अर्धे खरे. २०१६ मध्ये लॉट नावाची ७३८ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात बसलेले असताना ८९ ते ९३ असणारे किंवा चालताना मध्यम प्रमाणात पडणारे सीओपीडीचे रुग्ण होते. ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढले नाही, दवाखान्यात भरती होणेही कमी झाले नाही. भाऊ बहुधा हेच म्हणतोय. पण तो सीओपीडीचा अभ्यास आहे आणि फार तीव्र पडणारे रुग्ण त्यात नव्हते. फायब्रोसिस आणि तत्सम आजारांवर २०१८ मध्ये ॲम्बॉक्स नावाची ८४ रुग्णांची चाचणी झाली. यांचा ऑक्सिजन बसलेला असताना ठीक, चालताना ८८ किंवा त्याखाली. दोन आठवडे फिरता ऑक्सिजन देऊन आणि दोन आठवडे न देता तुलना केली. ऑक्सिजनवर दम कमी लागला, जगण्याची गुणवत्ता सुधारली. आयुष्य वाढते का हे त्यात पाहिलेले नाही. म्हणजे बाबांच्या बाबतीत नळीचा हेतू आंघोळ, चालणे, माणसांत जाणे टिकवणे हा आहे. ती लावून बाबा जास्त हालचाल करत असतील तर उपयोग, लावून नुसते खुर्चीत बसत असतील तर नाही. भावाला असेच सांगा.

बसलेले असतानाही ८८ किंवा खाली राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे रोज निदान १५ तास ऑक्सिजन लागतो. २४ तास लावून त्याहून अधिक फायदा होत नाही, हे २०२४ च्या रेडॉक्स चाचणीत दिसले.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: चालताना इतका पडण्याचे कारण फायब्रोसिसच आहे, की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाबही वाढला आहे? हृदयाची सोनोग्राफी आणि वायू देवाणघेवाणीची डीएलसीओ चाचणी यांतून त्याचा अंदाज येतो. हिमोग्लोबिनही पाहा. ते कमी असेल तर ऑक्सिमीटर ९६ दाखवेल आणि तरी दम लागेल, कारण यंत्र ऑक्सिजनने भरलेला हिस्सा मोजते, रक्त किती आहे ते नाही.

---

हळूहळू_चाला

जिना. १४ पायऱ्या एका दमात नाही, ४-४-३-३ अशा तोडा. प्रत्येक थांब्यावर ४० ते ६० सेकंद, कठड्याला पाठ किंवा हात टेकून. पहिल्या चार पायऱ्या सोप्या वाटल्या म्हणून पुढे रेटायचे नाही. बोट उशिरा बोलते हे वर आलेच आहे, पाचव्या पायरीवर ९१ दिसते तेव्हा आत ८७ झालेले असू शकते. पाऊल वर टाकताना श्वास सोडायचा, मग दोन्ही पाय एकाच पायरीवर आणून श्वास घ्यायचा. सिलिंडर किंवा यंत्र बाबांच्या खांद्यावर नको, बरोबरच्या माणसाने धरावे, नळी पुरेशी सैल आणि पायात न अडकणारी. वर पोहोचल्यावर लगेच खोलीत जायचे नाही, तिथेच खुर्ची ठेवा. बोलणे खाली संपवून मगच चढायला सुरुवात. दिवसातून एकदाच चढायचे असेल तर जेवणानंतरची वेळ टाळा. भरल्या पोटी पडदा नीट खाली उतरत नाही.

आता व्यायामाचा मुद्दा, कारण नुसते जपून राहिले की पाय बारीक होतात आणि मग त्याच चालण्याला जास्त ऑक्सिजन लागतो. सहा ते बारा आठवड्यांचा, आठवड्याला दोन-तीन वेळांचा पुनर्वसन कार्यक्रम मिळाला तर घ्याच. न मिळाल्यास घरी तुकड्या-तुकड्यांत: एक मिनिट चालणे, एक मिनिट बसणे, असे सहा वेळा. दम ० ते १० च्या मापावर ३-४ पर्यंत चालेल, म्हणजे तुटक वाक्ये बोलता यावीत. आकडा ८८ खाली गेला तर चालणे ३० सेकंदांवर आणा किंवा लिहून दिलेल्या मर्यादेत फ्लो वाढवा. दर आठवड्याला फक्त एक गोष्ट वाढवायची: एक तर फेऱ्या, नाही तर मिनिटे. खुर्चीतून उठ-बस (एका वेळी ५, मध्ये विश्रांती) मांड्यांसाठी उत्तम, आणि तिच्यात आकडा चालण्याइतकाच पडू शकतो, म्हणून तीही ऑक्सिजन लावूनच.

सीओपीडीचे कुणी वाचत असतील तर: श्वासनलिका उघडणारा पंप कामाच्या १५-२० मिनिटे आधी घेतला तर तीच आंघोळ सोपी जाते. फायब्रोसिसमध्ये बहुधा याचा उपयोग नसतो.

---

रात्रपाळी

फोन कधी करायचा ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बसलेले असतानाचा नेहमीचा आकडा ३-४ ने खाली येऊन तासभर तसाच राहिला. नेहमी ३ मिनिटांत ९० वर येणारे आता १० मिनिटे घेतात. तेवढ्याच चालण्याला गेल्या आठवड्यापेक्षा जास्त फ्लो लागतो. ताप, कफाचा रंग किंवा प्रमाण बदलणे. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी.

वाट न बघता रुग्णवाहिका: ऑक्सिजन लावून बसल्यावरही ८५ खाली, ओठ निळे, गोंधळलेले बोलणे, छातीत दुखणे, चालताना चक्कर येऊन पडणे, किंवा अचानक वाढलेला दम आणि एकच पोटरी सुजलेली. एका बाजूला अचानक टोचल्यासारखे दुखून दम वाढला तर फुफ्फुसातून हवा सुटल्याची शंका असते, फायब्रोसिसमध्ये आणि सीओपीडीत दोन्हीकडे.

---

पाना_पकड

@जाईची_वेल, झाकण बसवल्यावर दोन टक्के वाढले म्हणजे आधीची 'चालून ८९-९०' ही नोंद सदोष बाटलीवरची आहे. डॉक्टरांना जुने आणि नवे दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा, नाही तर उगाच ३ लिटर लिहून देतील.

छोटे यंत्र बरोबर न्या आणि तिथेच '३', '४' वर चालवून मोजायला सांगा. पायरी वाढली की बॅटरीचा वेळ झपाट्याने कमी होतो. डब्यावरचे तास सहसा '२' वरचे असतात, '४' वर त्याच्या अर्ध्याच्या आसपास धरा. '४' वरही ८८ राहत नसेल तर बॅटऱ्या वाढवून उपयोग नाही, ते यंत्र बाबांसाठी बसून प्रवास करण्यापुरते. चालायला सतत फ्लो किंवा सिलिंडर.

मोठ्या यंत्राची मागची जाळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. भिंतीपासून एक वीत तरी लांब ठेवा. चालू केल्यावर पहिली ५-१० मिनिटे शुद्धता कमी असते, म्हणून आंघोळीला निघायच्या दोन मिनिटे आधी यंत्र सुरू करून भागत नाही, नळी दोन मिनिटे आधी लावायची आणि यंत्र दहा मिनिटे आधी. जमल्यास दर सहा महिन्यांनी ॲनालायझरने शुद्धता तपासून घ्या, ९० च्या वर हवी. पिवळा दिवा लागला तर फ्लो बरोबर दिसत असला तरी नळीतून येणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता कमी झालेली असू शकते.

---

जाईची_वेल

यंत्र दहा मिनिटे आधी, हे माहीतच नव्हते. उद्यापासून आंघोळीचे पाणी तापायला ठेवतानाच यंत्र चालू करते. चाचणीत '३', '४' वर काय येते ते इथेच लिहीन.